सफारीच्या सीटमागचा खिसा : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

गाडी बाबांची. २००८ ची टाटा सफारी, २.२ डायकॉर, फोर बाय फोर. पिंपरीतच बनलेली, त्यामुळे तिचं माहेर आणि सासर दोन्ही पुणेच. इंजिनाची काही तक्रार नाही, २१७९ सीसीचं आहे आणि सकाळी एका स्टार्टरमध्ये उठतं. म्हातारपण आलंय ते आतून. आज व्हॅक्युम करताना पुढच्या सीटच्या पाठीमागचे दोन्ही खिसे नीट बघितले. ड्रायव्हरच्या सीटचा खिसा ओढला की कर्रकर्र आवाज येतो आणि तो परत जागेवर जात नाही, म्हणजे इलॅस्टिकमधलं रबर वाळून तुटलंय. डावीकडचा तर एका बाजूने उसवून तोंड वासून बसलाय. हात घातला तर बोटांना पिवळा भुगा लागला. रेक्झिनच्या मागे जो पातळ फोम असतो तो सतरा उन्हाळे आणि सतरा पावसाळे खाऊन पीठ झालाय.

खिशातून निघालेला ऐवज : महाराष्ट्राचा घडी उलटलेला नकाशा, टोलच्या पावत्या (शाई उडालेल्या, नुसता पांढरा कागद), आईची सुपारीची डबी जी हरवली म्हणून तिने दुसरी घेतली होती, आणि एक दहा नंबरचा पाना जो मी चार वर्षं शोधतेय.

बाबा म्हणाले, "अगं कव्हर टाक सगळ्याला, संपलं." पण नवीन सीट कव्हरला जो खिसा देतात तो नावापुरताच असतो, पाण्याची बाटली ठेवली की पोट सुटतं. आणि मला नुसता खिसा नकोय, आम्ही ही गाडी पावसात चिखलात नेतो तेव्हा हाताशी लागणाऱ्या वस्तूंना जागा हवीय.

१४ जून, शनिवार

आधी सोपा रस्ता. ऑनलाइन एक तयार ऑर्गनायझर मागवला होता, तो आला. फोटोत दणकट, हातात घेतला तर पावसाळी रेनकोटचं कापड आणि आत पुठ्ठा. वरून हेडरेस्टच्या दांड्यांना अडकवायचा, खाली एक इलॅस्टिकचा हुक. टायर गेज, टॉर्च, हातमोजे आणि एक लिटरची बाटली भरून वारज्याहून सिंहगड पायथ्यापर्यंत नेला. डोणजे यायच्या आत खालचा हुक निघाला, मग प्रत्येक ब्रेकला सगळा प्रकार पुढे सीटवर आपटायचा आणि ॲक्सिलरेटर दिला की मागे यायचा, झोपाळ्यासारखा. परत येताना एक बकल तुटलं. परत पाठवला.

धडा एकच : वरून टांगलं आणि खाली पक्कं बांधलं नाही की ते स्टोरेज नाही, लोलक आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी, त्यामुळे पेठांकडे जायचा प्रश्नच नाही. घरीच मापं घेतली. सीटची पाठ सपाट नसते हे कागद लावेपर्यंत कळत नाही. खाकी कागद चिकटपट्टीने लावला, बाजूची शिवण बोटाने चाचपत पेन्सिलने उमटवून घेतली. खाली रुंदी ४७ सेंटीमीटर, खांद्याजवळ ४१, उंची ५६. मधे थोडा फुगवटा आहे तिथे कागदाला चुणी पडते, ती चुणी तशीच दुमडून टाचणी लावली म्हणजे कापडात डार्ट (आकारासाठी शिवलेली चुणी) कुठे घ्यायचा ते कळेल. (शाळेत शिवणकामाच्या तासाला मी पळून जायचे, आता भोगतेय.)

एक पर्याय डोक्यात होता, तो म्हणजे बाहेरच्या देशात जुन्या जीपांना लावतात तसा धातूचा पॅनल, लेसर कट, ओळीने खाचा पाडलेला. आमच्या भोसरीच्या ऑफिसशेजारीच लेसर कटिंग आहे, दोन दिवसांत करून मिळेल. हिशोब केला : ५० बाय ४० सेंटीमीटर, २ मिलिमीटर जाड, खाचा न धरता लोखंडात साधारण ३.१ किलो, ॲल्युमिनियममध्ये १.१ किलो. वजनाचं ठीक आहे. पण त्या पॅनलच्या मागे आईचे गुडघे असतात, आणि जोरात ब्रेक लागला तर तिचं डोकं. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर साधारण १४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पट. म्हणजे तीन किलोचा टूलकिट त्या क्षणी बेचाळीस किलोसारखा वागणार. बेल्ट लावलेला असला तरी मागचा माणूस थोडा पुढे येतोच, आणि समोर लोखंडी कड नको. धातू रद्द. पॅनल कापडाचा, आणि जड वस्तू सीटच्या पाठीवर नाहीच, त्या मागे डिकीत फ्लोअरला बांधून.

नव्या गाडीवाल्यांनी हे करताना अजून एक बघावं : बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेला असते, तिथे टॅग शिवलेला असतो. तिथून पट्टा फिरवला तर एअरबॅग नीट उघडणार नाही. आमच्या म्हातारीला ती भानगड नाही.

२८ जून, शनिवार

रविवार पेठ, बोहरी आळी. गाडी लांब लावून चालत. इथे बॅगवाल्यांचं सगळं सामान मिळतं आणि सगळे एकाच वेळी बोलतात. घेतलं ते असं : १६८० डेनियरचं काळं कापड अडीच मीटर, मागून कोटिंग असलेलं. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, आकडा मोठा म्हणजे धागा जाड, दुकानदाराने मात्र "हे एकदम कडक आहे" एवढ्यावर विषय संपवला. एक इंची नवार १८ मीटर, बकलं, डी रिंगा, आठ नंबरची चेन आणि रनर, वेलक्रो दोन इंची.

नवार घेताना मी शहाणपणा केला. प्लास्टिकची चकचकीत दिसते म्हणून मातकट रंगाची कॉटनची घेतली, जुन्या गाडीला शोभेल म्हणून. दुकानदार म्हणाला, "ताई, गाडीला प्लास्टिकची घ्या." मी ऐकलं नाही. ही नोंद पुढे लागणार आहे.

५ जुलै, शनिवार

सीटवाले काका. नाना पेठेतल्या बोळात त्यांचं आठ बाय दहाचं दुकान, एक शिलाई मशीन, छतापर्यंत रेक्झिनचे रोल. खाकी कागद पसरला. मधल्या भागात नवारीच्या आडव्या ओळी हव्या होत्या, अमेरिकन लष्करात बॅगांवर असतात तशा : एक इंची पट्टी, एक इंच मोकळी जागा, परत पट्टी, आणि प्रत्येक पट्टीला दर दीड इंचावर उभी शिलाई. म्हणजे छोटे पाऊच हवे तिथे ओवून घेता येतात, एक ठरलेला खिसा कायमचा नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, एवढ्या शिलाया? गाडीला बंदूक लावायचीय का?"

"नाही हो काका, टॉर्च लावायचीय."

"टॉर्चला एक खिसा बास."

मग त्यांनी सांगितलं की सध्या ढोल पथकांच्या पट्ट्यांची ऑर्डर चालू आहे, गणपतीपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही, तरी दोन आठवड्यांनी या. निघताना बघितलं, ढोलाचा पट्टा जिथे हुकाला जोडतात तिथे ते चौकोन शिवतात आणि चौकोनात फुली मारतात. मशीन थांबवायची, कापड दाबणारा मशीनचा पाय उचलायचा, सुई खालीच ठेवून कापड फिरवायचं, परत पाय खाली. चार बाजू, दोन तिरप्या, सगळं एका धाग्यात. म्हटलं हेच हवंय मला प्रत्येक टोकाला. तर म्हणाले, "मग ढोल बांधला तरी सुटायचा नाही."

१९ जुलै, शनिवार

पॅनल मिळाले. दिसायला जबरदस्त. कापड ताठ राहावं म्हणून आत पोकळ प्लास्टिकची शीट घातलीय, फ्लेक्सवाले वापरतात ती. सोसायटीच्या गेटवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड महिनाभर पडून होता, वॉचमनकाकांना विचारून घेतला. त्यामुळे आमच्या डाव्या सीटच्या पोटात एक भावी नगरसेवक हात जोडून उभे आहेत.

बसवायला दीड तास. वर हेडरेस्टच्या दांड्यांभोवती नवारीचे लूप. खाली दोन पट्टे सीटखालच्या आडव्या लोखंडी नळीला, बकलने ओढून. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या : पट्टा सीट मागेपुढे सरकायच्या रेलमध्ये जाता कामा नये, आणि सीटखालची वायर त्यात अडकता कामा नये. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पाठ आडवी करून, असं प्रत्येकी तीनदा करून बघितलं. उरलेली शेपटी गुंडाळून वेलक्रोत.

नवारीची टोकं मेणबत्तीवर भाजायला गेले तर ती वितळेनात, जळायलाच लागली. कॉटन ना ती. मग टोकं दुमडून हाताने शिवली. तेव्हाच कळायला हवं होतं.

२७ जुलै, रविवार

चाचणी. वेल्हे, केळद, मढे घाट. आई बाबा दोघंही. वेल्ह्याच्या पुढे पाऊस असा की वायपर दमले, केळदच्या अलीकडे धुकं. एका शेताकडच्या रस्त्याला उतरायच्या आधी टायरची हवा ३२ वरून २२ वर आणायची होती, गेज डाव्या सीटच्या मागे पाऊचमध्ये, आणि मी ड्रायव्हर सीटवर. हात मागे टाकला, पाऊच सापडला पण तो दरवाज्याच्या बाजूला, म्हणजे लांब. बाबांनी अर्धं वळून काढून दिला, पाठीत उसण भरली. टॉर्च माझ्याच सीटच्या मागे होती, ती तर मला सात जन्मात मिळाली नसती.

आईचं मत वेगळं. तिच्या समोर माझ्या सीटवर मी दोरी, हातमोजे, पंक्चर किट, फर्स्ट एड असं सगळं लावून टाकलं होतं. "बटाट्याच्या पोत्याला गुडघे टेकून बसलेय मी," म्हणाली. "आणि माझी डबी ठेवायला जागा नाही."

२८ जुलै

पॅनल सुकायला काढले. कॉटनची नवार भिजून आटलीय, मधलं कापड आटलेलं नाही, त्यामुळे पापडासारखं सगळं गोळा झालंय. पाऊच ओवायच्या फटी इतक्या घट्ट की स्क्रू ड्रायव्हरने ढकलावं लागतं. वर कुबट वास. कॉटन हवेतला ओलावा साधारण आठ टक्के धरतं, नायलॉन चार, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. कॉटनचे तंतू भिजले की फुगतात आणि पट्टी लांबीत आखडते. नायलॉन मजबूत असतं पण ओलं झालं की थोडं सैलावतं. म्हणजे गाडीसाठी पॉलिएस्टर. बोहरी आळीतला माणूस बरोबर होता, जाऊन सांगणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, दादा नाशिकहून आला. सहा फूट एक इंच. ओवाळणी झाल्यावर त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. दोन्ही गुडघे जिथे टेकले तिथे खडूने गोल केले. मग आईला बसवलं, तिचे गोल खाली आले. त्या चार गोलांच्या पट्ट्यात, म्हणजे खालून १६ ते ३४ सेंटीमीटर, काहीही कडक नको. डी रिंग तर नकोच, एक बरोबर दादाच्या वाटीवर येत होती. खरं तर हे आधी करायचं. मी आधी वस्तूंची यादी केली आणि मग माणसं बसवली.

नंतर उलट चाचणी : मी ड्रायव्हर सीटवर, बेल्ट लावून, डोळे मिटून. डावा हात कुठे पोचतो? डाव्या सीटच्या पाठीची माझ्याकडची कड, वरचे साधारण २० सेंटीमीटर, बास. तेवढीच जागा माझी. माझ्या स्वतःच्या सीटची पाठ माझ्यासाठी चंद्रावर आहे, ती मागच्या माणसाची. आणि मी दोन्ही पॅनल आरशातल्यासारखे सारखे शिवून घेतले होते, कारण कागद एकच आणि उलटा ठेवला की दुसरा तयार! दोन खिसे, दोन मालक, हे दोन महिन्यांत सुचलं नाही.

बेल्ट कापायचं कटर आणि काच फोडायची हातोडी तर सीटमागे कुठेच नाही. बेल्टमध्ये अडकलेल्या माणसाने ते मागून काढायचं कसं? गिअरजवळच्या कप्प्यात गेलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, बाहेर पडण्यात अर्थ नाही, घरात डीजेने खिडकीची काच थरथरतेय. नवीन कागद काढले, दोन वेगळे.

डावा पॅनल : उजव्या कडेला वरती उभ्या तीन जागा, गेज, टॉर्च, हातमोजे. मधे रिकामं. खाली पातळ चेनचा कप्पा, कागदपत्रं आणि नकाशा.

उजवा पॅनल : आईचा. वर नवारीच्या दोनच ओळी, तिथे टिश्यू आणि फर्स्ट एडचा मऊ पाऊच, लाल, बाहेरून दिसेल असा. गुडघ्यांच्या पट्ट्यात नुसतं कापड आणि आत सहा मिलिमीटर फोम. खाली जाळीचा खिसा, बाटली आडवी. आणि डबीला एक छोटा खिसा झाकणासकट, हा तिने स्वतः मोजून दिला.

फायर एक्स्टिंग्विशर कुणीतरी सीटच्या पाठीला लावलेलं बघितलं होतं. आमचं ब्रॅकेटने डाव्या सीटच्या पुढे, फ्लोअरला बोल्टने. भरलेला सिलिंडर कापडावर टांगायचा नाही.

सनबोर्ड, हॉट ग्लू वगैरे लावून एक नमुनाही केला होता मे महिन्यात, डॅशबोर्डसाठी, तो पार्किंगमध्ये दुपारी आपोआप सुटा झाला होता. उन्हात बंद गाडीत ग्लू मऊ पडतो. म्हणून इथे चिकटवणं शून्य, सगळं शिवलेलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पॉलिएस्टरची नवार घेऊन काकांकडे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, ढोलांचे पट्टे, मंडपाच्या झालरी, आणि एका मुलाला तासाभरात ताशाचा पट्टा हवाच होता. काका म्हणाले विसर्जनानंतर. बरोबर आहे त्यांचं. पण दहा मिनिटं दिली आणि कागद बघून एक सुधारणा सुचवली जी मला सुचली नसती : जाळीच्या खिशाला वर इलॅस्टिक घालायचंच नाही. दोन्ही बाजूंना चुणी घेऊन खिसा मुळातच फुगीर शिवायचा आणि वर नवारीची पट्टी. "इलॅस्टिक परत पाच-सात वर्षांनी जाणार, मग परत माझ्याकडे याल. मी काय तेव्हा असेन नसेन."

१३ सप्टेंबर, शनिवार

मिळाले. नवारीची टोकं यावेळी सोल्डरिंग गनने कापली, वितळून काचेसारखी गुळगुळीत कड आली, किचनभर वास पसरला आणि ओरडा खाल्ला. सुई १८ नंबर, धागा पॉलिएस्टरचा, सगळ्या टोकांना चौकोन-फुली. मोजल्या, चोवीस आहेत. बसवायला पस्तीस मिनिटं. नगरसेवक परत आत, यावेळी कापून अर्धेच.

२१ सप्टेंबर, रविवार

परत केळद. पाऊस कमी पण चिखल भरपूर. गेज डोळे न वळवता काढला, हवा २२ वर, परत येताना कंप्रेसरने ३२. एकदा मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी चांगलीच कलंडली, पॅनल जागचा हलला नाही. एक आवाज मात्र येत होता, टिक टिक, वेल्ह्यापर्यंत डोकं खाल्लं. निघालं ते उजव्या पट्ट्याचं बकल सीटच्या नळीवर आपटत होतं. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवला, गप्प.

उणीव : चेनचा रनर चिखलाने जाम होतो. मेणबत्ती घासली, तात्पुरतं चालतंय. पुढच्या वेळी चेनऐवजी वेलक्रोचं झाकण.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. गाडी धुतली, उद्याचे हार आणले. आईने हळदीकुंकवाची पुडी तिच्या खिशात ठेवून दिली, डबीशेजारी. बाबा म्हणतात त्यांच्या समोर ग्लोव्ह बॉक्सलाही असलंच काहीतरी कर. बघू.

५ ऑक्टोबर, रविवार

काकांचा फोन. कुणीतरी जुनी सफारी घेऊन आलंय, तुमचा तो खाकी कागद देता का. दिला. घरी आल्यावर आठवलं की मी फक्त डावाच दिला आणि ते उलटा ठेवून दुसरा कापतील. परत फोन केला, मशीन चालू होती, उचलला नाही. निघाले.